घोड्याचा फोर्क, म्हणजे एकाच चालीत दोन सोंगट्यांवर मारा, दिसला की हात थांबत नाही, आणि मग डावच जातो. आधी नेमकं काय बघायचं?

कांडीवाला (सोलापूर)
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण डाव दाखवल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून जरा लांबवून लिहितोय.

मी साखर पेठेत राहतो, टॉवेल-चादरीच्या एका दुकानात हिशेब बघतो. बुद्धिबळ वडिलांनी शिकवलं होतं, पुढं सुटलं. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याच आठवड्यात मी माळ्यावरचा पट खाली काढला. तेव्हापासून दुकान मिटलं की शेजारच्या काकांबरोबर रोज एक डाव. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. गिरणीत जॉबर होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. घरांना अक्षरं-आकडे (उभ्या ओळींना ए ते एच, आडव्यांना १ ते ८) असतात हे त्यांच्या गावीही नाही. आपण ज्याला एफ७ म्हणतो ते त्यांच्या लेखी 'राजाच्या उंटापुढचं प्यादं'. काळ्यातला एक हत्ती हरवलाय, त्याच्या जागी त्यांनी मागाची लाकडी कांडी बोटभर कापून उभी केलीय. तिच्यावर सूत गुंडाळल्याच्या रेघा अजून दिसतात.

तर ही कांडी खायचा मला नाद लागलाय. घोडा असा कुठं तरी घालायचा की एका चालीत वजीर आणि हत्ती, नाहीतर राजा आणि हत्ती धरले जावेत. असं घर दिसलं की मला बाकीचा पट दिसेनासा होतो. छातीत धडधड होते आणि हात आपोआप घोड्यावर जातो.

मागच्या गुरुवारचा डाव. पांढरी माझ्याकडे.

ई४, ई५. माझा घोडा एफ३, त्यांचा घोडा सी६. माझा उंट सी४. आणि काकांनी तोच घोडा उचलून डी४ ला ठेवला. मला वाटलं वयामुळं नजर चुकली, कारण ई५ चं प्यादं बिनजोर झालं होतं, राखणीला कुणी नाही. मी घोड्यानं ते खाल्लं. काकांनी वजीर जी५ ला आणला. आता माझ्या घोड्यावर वजिराचा मारा होता, पण समोर एफ७ दिसत होतं. घोड्यानं एफ७ मारलं की इकडं वजीर, तिकडं कोपऱ्यात कांडीचा हत्ती. मी मारलं. काका म्हणाले, "घे की, कोण नको म्हणतंय."

मग त्यांच्या वजिरानं जी२ चं प्यादं खाल्लं. माझ्या हत्तीवर आला, म्हणून मी हत्ती एफ१ ला सरकवला. वजिरानं ई४ चं प्यादं खाऊन शह. मी उंट ई२ ला आडवा घातला. आणि डी४ वरचा तो घोडा एफ३ ला येऊन बसला. मात. माझी सातवी चाल झाली होती. राजा आपल्याच सोंगट्यांत कोंडलेला, एक घर मोकळं नाही. कांडीला मी हातसुद्धा लावू शकलो नाही.

याच्या आधी दोनदा वेगळं झालं. घोडा बी५ वरून सी७ ला नेऊन शह दिला, राजा डी८ ला सरकला, मी ए८ चा हत्ती खाल्ला. हत्ती मिळाला हो, पण घोडा त्या कोपऱ्यात बसला तो बसलाच. इतक्यात काकांनी दोन्ही उंट आणि वजीर माझ्या राजाकडं वळवले. माझा किल्लेकोट (राजा-हत्ती एका चालीत हलवून राजा कडेला सुरक्षित नेणं) झालेला नव्हता. दोन्ही वेळा पंधरा चालींच्या आत डाव संपला.

एक खरं सांगतो, हरण्याचं दुःख नाही. पण काका इथली सिद्धेश्वराची यात्रा झाली की भिवंडीला मुलाकडं जाणार, बहुतेक कायमचे. परवा यात्रेतला अक्षता सोहळा आहे, म्हणजे हातात दहा-बारा संध्याकाळी. त्याआधी त्यांच्यासमोर एक तरी डाव असा खेळायचाय की त्यांना बसल्याचं समाधान वाटावं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "तूच शोध, मी सांगितलं तर तुझं काय राहिलं?"

म्हणून इथं विचारतोय. फोर्क घालायचाच नाही का? की घालायच्या आधी बघायचं काही असतं, जे मला दिसत नाही?

---

अडीच घरं (जुळे सोलापूर)
रविवार, रात्री ११:२५

दादा, गुरुवारचा डाव म्हणजे जुना प्रसिद्ध सापळा आहे. ब्लॅकबर्न शिलिंग म्हणतात त्याला. जोसेफ हेन्री ब्लॅकबर्न हा इंग्लंडचा मोठा खेळाडू कॅफेत येणाऱ्या हौशी लोकांना यात अडकवून एक-एक शिलिंग जिंकायचा, अशी गोष्ट सांगतात. तुमच्या काकांना नाव माहीत नसेल, पण चाल पक्की माहीत आहे.

घोडा डी४ ला येतो तेव्हा तो चुकून आलेला नसतो, ई५ चं प्यादं आमिष असतं. पण तरीही तुमचा डाव तिथं गेला नव्हता. गेला तो एफ७ वर.

त्याच जागी घोड्याऐवजी उंटानं एफ७ मारून बघा. काय फरक पडला? शह पडला! काकांना राजा हलवावाच लागतो, वजिराला जी२ खायला सवडच मिळत नाही. राजा ई७ ला आला की तुम्ही किल्लेकोट करायचा, जी२ ला राजाचा जोर आला. मग वजिरानं ई५ चा घोडा खाल्ला तर तुम्ही उंटानं जी८ चा घोडा खायचा, ते हत्तीनं उंट खातात, तुम्ही सी३ आणि डी४ अशी प्यादी पुढं काढून घोडा आणि वजीर दोघांना हुसकायचं. हिशेबात तुमचा एक मोहरा गेला, दोन प्यादी आली, आणि त्यांचा राजा मधोमध उघडा. खेळायला मजा येते.

तुमच्या घोड्याच्या फोर्कमध्ये शह नव्हता. दोघांना धरलं खरं, पण समोरच्याला एक मोकळी चाल दिली. वजीर नुसता पळाला असता तर तुम्हाला हत्ती मिळाला असता. तो मारत पळाला.

तसाच आणखी एक डाव सांगतो, म्हणजे पटेल. ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, घोडा एफ६, आणि तुम्ही घोडा जी५ ला नेता. एफ७ वर दोघांचा मारा. काही लोक तिकडं बघतसुद्धा नाहीत, उंट सी५ ला काढतात. ट्रॅक्सलर म्हणतात याला. तुम्ही घोड्यानं एफ७ खाऊन वजीर-हत्ती धरले की त्यांचा उंट एफ२ मारून शह देतो. राजानं उंट खाल्ला तर घोडा ई४ खाऊन पुन्हा शह. राजा जी१ ला परतला तर वजीर एच४, आणि एफ२ वर मात समोर उभी. तुमचा घोडा अजून एफ७ लाच, हत्ती खायला वेळ नाही. इथंही उंटानं एफ७ मारून शह देणं जास्त सुरक्षित मानतात, प्यादं मिळतं आणि काळ्याचा किल्लेकोट कायमचा जातो.

दोन्हीकडं घर तेच आहे. घोडा तिथं गेला की गोंधळ, उंट गेला की शह.

---

हुतात्मा एक्सप्रेस
सोमवार, सकाळी ७:१०

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

मी दर आठवड्याला पुण्याला जातो-येतो, गाडीत बसलो की मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव. तिथं मी असला प्रत्येक फोर्क घालतो. समोरचा घाबरतो, वजीर भलतीकडं नेतो, हत्ती मिळतो. ट्रॅक्सलरमध्ये पुढच्या चाली बरोबर येणारे फार थोडे भेटतात. घड्याळ पळत असताना धाडस करणाऱ्याला फायदा असतो. शिवाय घोडे घालून, मार खाऊनच माणसाला त्या जागा कळतात. तुम्ही सगळं मोजत बसलात तर पाच महिन्यांनी फोर्क दिसणंच बंद होईल, हे मी माझ्या एका मित्राचं पाहिलंय.

पण एक कबूल. काकांसमोर घड्याळ नाही, आणि त्यांना तो सापळा चाळीस वर्षं माहीत असणार. तिथं समोरचा चुकेल या भरवशावर खेळू नका.

---

पंढरीचा प्यादा
सोमवार, दुपारी ३:०५

कांडीवाले, तुमचे काका कुठल्या पद्धतीनं शिकले ते विचाराल का? माझा अंदाज आहे की देशी.

आमच्या लहानपणी प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची, पण तोवर शह लागलेला नसेल तरच. शह लागला की उडी गेली. त्यामुळं घोड्याचा एक शह म्हणजे हत्ती मिळो न मिळो, मोठी कमाई असायची. आणि ज्याच्यावर शह येऊ शकतो तो पहिल्यापासून सावध असायचा, घोडा कुठून कुठं येईल ते दोन चाली आधी बघायचा. मीर सुलतान खान असाच देशी खेळ शिकून विलायतेला गेले आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आले. त्या शाळेत वाढलेल्या माणसाला सी७ आणि एफ७ वरचा घोडा अचानक दिसत नाही, तो येणार हे त्याला आधीच दिसलेलं असतं.

आणखी एक. गुरुवारच्या मातेत तुमचा ई२ चा उंट एफ३ चा घोडा का खाऊ शकला नाही? कारण तो अर्दबीत होता. मागं राजा, पुढं ई४ वर वजीर, म्हणून हलता येईना. आपण बोलताना 'अर्दबीत सापडला' म्हणतो ते इथूनच आलंय. फोर्क घालताना समोरच्याच्या सोंगट्या मोजतो, आपली कुठली सोंगटी उद्या अर्दबीत येईल ते बघायचं राहून जातं. माझंही राहायचं.

---

शिकवणी-ताई (विजापूर रोड)
सोमवार, रात्री ९:५०

मी घरी आठ-दहा मुलांना बुद्धिबळ शिकवते. तुमचे सी७ चे दोन डाव वाचून माझीच मुलं आठवली, प्रत्येक जण एकदा तरी ए८ च्या कोपऱ्यात घोडा अडकवतो.

मी काय करते ते सांगते. हत्ती खायच्या आधी मूल त्या कोपऱ्यातल्या घरावर बोट ठेवतं आणि तिथून घोडा कुठं कुठं जाईल ते मोठ्यानं म्हणतं. पटाच्या मध्यावर घोड्याला आठ घरं असतात, कोपऱ्यात दोन. ए८ वरून फक्त बी६ आणि सी७. बी६ ला ए७ च्या प्याद्याचा मारा, सी७ ला डी८ वर आलेल्या राजाचा. म्हणजे दार बंद. मूल स्वतःच थांबतं.

थांबून मग सोडूनच द्यायचं असं नाही हं. हत्तीचे पाच गुण, घोड्याचे तीन, घोडा तिथं मेला तरी दोनानं तुम्ही पुढं. तुमचं नुकसान घोडा गेल्यानं झालेलं नाही. बी५, सी७, ए८ या तीन चालींत काकांनी दोन सोंगट्या बाहेर काढल्या आणि तुमचा राजा मधेच बसून होता. किल्लेकोट आधी झालेला असता तर हाच हत्ती तुम्हाला पचला असता. माझ्या एका विद्यार्थिनीनं अगदी असाच डाव जिंकलाय, घोडा शेवटपर्यंत कोपऱ्यात होता आणि काळ्याचा उंट त्याला धरण्यातच गुंतून पडला होता.

आणि घोड्याच्या नादात प्याद्याचा फोर्क विसरू नका. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा सी३, इथं काळा घोडा ई४ चं प्यादं बेधडक खातो. तुम्ही घोड्यानं घोडा खाल्लात की डी५! एका प्याद्यानं उंट आणि घोडा धरले. एक मोहरा परत मिळतोच, आणि मध्य काळ्याच्या ताब्यात. प्यादं गेलं तर गेलं किती, एक.

काकांशी खेळताना माझं ऐकाल तर डी४ ला घोडा आला की ई५ ला हात लावू नका. सी३. त्यांनी एफ३ वर घोडा मारला की वजिरानं घ्या, वजीर-उंट दोघं एफ७ वर.

---

कांडीवाला
मंगळवार, रात्री ११:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. पंढरपूरकर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. काका म्हणाले, "आम्ही उडीचंच खेळायचो, गिरणीतल्या एका सायबानं दोन घरांचं शिकवलं." तासभर त्याच गप्पा झाल्या.

आज अक्षता सोहळा होता. दिवसभर गर्दी, दुकान लवकर मिटलं. बाहेर होम मैदानाच्या बाजूनं पाळण्यांचा आवाज येत होता. पट मांडला. पांढरी माझ्याकडे.

पुन्हा तेच, तिसऱ्या चालीला घोडा डी४. मी ताईंचं ऐकून सी३ केलं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, घोडा एफ३ वर मारला, मी वजिरानं घेतला. त्यांनी मात चुकवायला वजीर एफ६ ला आणला. मी वजीर ई२ ला मागं घेतला, त्यांचा उंट सी५. मी किल्लेकोट केला, आधी कधी सातव्या चालीला केलेला आठवत नाही. त्यांचा घोडा ई७. माझा घोडा ए३, त्यांचा घोडा जी६. माझा घोडा बी५.

सी७ समोर उघडं. त्यावर कुणाचा जोर नाही. राजा ई८ वर, कोपऱ्यात कांडी. काकांनी ते झाकलं नाही, घोडा एफ४ ला आणून माझ्या वजिरावर बसवला.

हात सी७ कडं गेलाच. शह आहे, राजा जवळ आहे, किल्लेकोट झालाय, ताईंनी सांगितलेलं सगळं जुळत होतं. मग मी बोट सी७ वर ठेवून पुढची चाल मनात म्हटली. राजा डी८ ला येणार. तिथून तो माझ्या घोड्यावर, आणि त्यांचा घोडा अजून माझ्या वजिरावर. हत्ती खाल्ला तर वजीर जातो, तोही शहासकट. वजीर वाचवला तर घोडा जातो. दोघांना मी धरणार होतो, आणि धरले गेले असते माझेच दोन.

मी वजीर एफ३ ला नेला. सी७ चा धाक तसाच राहिला आणि जी२ लाही जोर मिळाला. काका बराच वेळ बसून राहिले, चहा निवला. मग उंट बी६ ला नेऊन सी७ झाकलं. मी डी४ केलं. तिथून डाव दोन तास चालला, शेवटी दोघांकडं एक-एक हत्ती आणि तीन-तीन प्यादी, बरोबरी. त्यांच्याकडं राहिलेला हत्ती कांडीचाच होता.

सोंगट्या पिशवीत भरताना त्यांनी विचारलं, "मगाशी घोडा का नाही घातलास? मी तर दार उघडं टाकलं होतं."

मी म्हटलं, "काका, आत गेलो असतो, पण वजीर बाहेर राहिला असता."

त्यांनी कांडी पिशवीत टाकायच्या आधी अंगठ्यानं तिच्या रेघांवरून हात फिरवला आणि म्हणाले, उद्या काळी तू घे, सी३ ला तू काय उत्तर देतोस ते बघायचंय. सी३ हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचललाय.

तर ताई, 'अडीच घरं', काळ्याकडून खेळताना तिसऱ्या चालीला घोडा डी४ ला न्यायचा नसेल, तर उंट सी४ ला आल्यावर साधं, भक्कम काय खेळू? उद्या संध्याकाळी सातपर्यंत सांगितलंत तर बरं होईल.